रॉक स्प्रिंग्जची कॅम्प मीटिंग आणि तिच्यामागचं खेड्यातलं मेथडिस्ट चर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शार्लट भागात राहणारी, किंवा मुलांकडे चार-सहा महिने जाऊन आलेली मराठी मंडळी गाडीतून जाताना डेन्व्हरजवळ त्या बंद लाकडी खोल्यांच्या रांगा पाहतात आणि विचारतात, हे आहे तरी काय? ते रॉक स्प्रिंग्ज. तिथे दर ऑगस्टला मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाची कॅम्प मीटिंग भरते, म्हणजे लोक मुक्कामाला येऊन कित्येक दिवस उघड्या मांडवात उपासना करतात. त्यातून पुढे जे प्रश्न निघतात ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

हे ठिकाण नेमकं कुठे आहे?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, लिंकन काउंटीच्या पूर्व भागात, डेन्व्हर गावालगत. शार्लटहून वायव्येला गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं. मोठ्या झाडांखाली मधोमध एक चारही बाजूंनी उघडा असलेला लाकडी मांडव, आणि त्याच्याभोवती चौकोनी रांगांमध्ये फळ्यांच्या खोल्या, अडीचशेच्या आसपास. वर्षाचे अकरा-साडेअकरा महिने तिथे शुकशुकाट असतो. ऑगस्टमध्ये मात्र त्याच खोल्यांमधून अंथरुणं, पंखे, शेगड्या, आज्या, नातवंडं सगळं एकदम दिसायला लागतं आणि दहा-बारा दिवसांसाठी तिथे एक गाव उभं राहतं. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी त्याचा मोठा दिवस असतो.

मेथडिस्ट म्हणजे कोण?

इंग्लंडमध्ये १८व्या शतकात जॉन वेस्ली आणि त्याचा भाऊ चार्ल्स यांनी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या आत एक चळवळ सुरू केली, तिचा हा पंथ. जॉन वेस्ली १७३९ पासून चर्चच्या भिंतींबाहेर, खाणकामगारांसमोर, माळावर उभा राहून उपदेश करू लागला. उघड्यावर उपासना करायची सवय या पंथाला अशी पहिल्यापासूनची आहे. अमेरिकेत १७८४च्या नाताळात बाल्टिमोरला धर्मोपदेशकांची परिषद भरली आणि मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च ही स्वतंत्र संस्था झाली.

तिची खरी ताकद फिरत्या उपदेशकांत होती. एकेकाकडे कित्येक गावांचा फेरा असायचा. घोड्यावर खोगीर, खोगिराच्या पिशवीत बायबल आणि गीतांचं पुस्तक, रात्री मिळेल त्या शेतकऱ्याच्या घरी मुक्काम. १८०० सालापर्यंत या माणसाचा ठरलेला पगार वर्षाला ६४ डॉलर होता, मग तो ८० झाला. तोही हातात पडेलच असं नाही. बरेच जण तरुणपणीच गेले. जे लग्न करत ते बहुधा फेरा सोडून एका जागी स्थायिक होत, कारण त्या पैशात संसार चालणं शक्यच नव्हतं.

मूळ चर्च कोणतं? ते कसं सुरू झालं?

डेन्व्हरच्या थोडं उत्तरेला, आज कटॉबा काउंटीत असलेल्या टेरेल गावातलं रेहोबोथ. कटॉबा नदीच्या पश्चिमेला या राज्यातलं हे पहिलं मेथडिस्ट चर्च मानलं जातं. तेव्हा कटॉबा काउंटी नव्हतीच. ती १८४२ मध्ये लिंकनमधून कापून काढली. त्यामुळे जुन्या कागदांत सगळं ‘लिंकन’ म्हणूनच सापडतं आणि वाचणारा गोंधळतो.

व्हर्जिनियाहून काही मेथडिस्ट कुटुंबं जमीन शोधत या नदीकाठी आली. त्यांना उपदेशक हवा होता. १७८९ मध्ये डॅनियल ॲस्बरीकडे हा फेरा आला. या माणसाचं आधीचं आयुष्य वाचताना वाटतं, चर्चच्या इतिहासाऐवजी चुकून साहसकथा तर हातात आली नाही ना! जन्म १७६२चा, व्हर्जिनियाचा. पोरवयात केंटकीच्या सरहद्दीवर गेला, तिथे शॉनी या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांनी त्याला पकडून नेलं. पुढे तो ब्रिटिशांच्या कैदेत पडला. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं ना. कित्येक वर्षांनी घरी परतला, आणि मग मेथडिस्टांच्या संगतीत येऊन उपदेशक झाला. नदीकाठच्या या वस्तीत त्याने लग्न केलं आणि इथलाच झाला. १८२५ मध्ये वारला.

सुरुवातीला इमारत नव्हती. ग्रासी ब्रँच नावाच्या ओढ्याजवळच्या झाडीत लोक जमत. १७९१ मध्ये ओंडक्यांचं साधं चर्च उभं राहिलं. रेहोबोथ हे नाव उत्पत्तीच्या पुस्तकातलं: इसहाकाच्या माणसांनी खणलेल्या दोन विहिरींवर भांडणं झाली, तिसरीवर कोणी भांडलं नाही, तिचं हे नाव. नव्या मुलखात जमीन मिळवून बसलेल्या शेतकऱ्यांना ते का आवडलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

डॅनियल ॲस्बरी हा बिशप फ्रान्सिस ॲस्बरीचा नातेवाईक का?

नाही. आडनाव तेवढं एक. फ्रान्सिस १७७१ मध्ये इंग्लंडहून आला आणि पुढे अमेरिकन मेथडिस्टांचा पहिल्या पिढीतला बिशप झाला. घोड्यावरून सगळा देश पालथा घातला तो त्याने. या भागाच्या इतिहासात दोघेही येतात, म्हणून घोळ होतो.

कॅम्प मीटिंगची सुरुवात इथेच झाली असं म्हणतात, ते खरं आहे का?

इथले लोक तसं सांगतात, आणि त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. १७९४ मध्ये रेहोबोथजवळच्या रानात कित्येक दिवस चाललेली सभा झाली. लोक मुक्कामाच्या तयारीने आले होते. उपदेशकांत डॅनियल ॲस्बरी होता, विल्यम मकेंड्री होता (हाच पुढे १८०८ मध्ये अमेरिकेत जन्मलेला पहिला मेथडिस्ट बिशप झाला), आणि शेजारच्या आयर्डेल भागातला, प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाचा पाळक डॉ. जेम्स हॉलही होता. तीनशेच्या आसपास लोकांचं मनपरिवर्तन झालं, अशी परंपरेने चालत आलेली नोंद आहे.

अमेरिकेच्या धार्मिक इतिहासाच्या पुस्तकांत मात्र सुरुवात केंटकीपासून होते. १८०० मध्ये लोगन काउंटीत जेम्स मग्रेडीच्या सभा, आणि ऑगस्ट १८०१ मधली केन रिजची प्रचंड सभा. केन रिजला दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत लोक आल्याचे अंदाज आहेत. त्या काळी त्या राज्यातल्या कुठल्याही शहरापेक्षा ही गर्दी मोठी होती. देशभर बोभाटा झाला तो केन रिजमुळे, त्यामुळे पहिलेपणाचा मानही तिकडे गेला.

‘पहिली कुठली’ या वादात मला फारसा रस नाही. लांबलांब विखुरलेली शेतं, फेऱ्यावरचा एकच उपदेशक, आणि चर्चच्या इमारतीत न मावणारी माणसं, ही परिस्थिती जिथे जिथे होती तिथे तिथे लोकांनी साधारण एकाच सुमाराला हाच मार्ग काढला. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: दोन्हीकडे प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्ट एकत्र होते. प्रेस्बिटेरियन पुढे यातून अंग काढून घेत गेले. त्यांना सभांमधला आरडाओरडा आणि लोकांचं मूर्च्छा येऊन पडणं पटेना. मेथडिस्टांनी ही पद्धत उचलली आणि आपली केली. १८११ पर्यंत देशात वर्षाला चारशेच्या आसपास कॅम्प मीटिंगा होत असल्याचा अंदाज फ्रान्सिस ॲस्बरीने केला होता.

मग रेहोबोथहून ती रॉक स्प्रिंग्जला कशी आली?

जागा बदलत बदलत. आधी बेथेल, मग रोबीचं मैदान, आणि शेवटी १८३० मध्ये इथे. जोसेफ मंडे नावाच्या जमीनदाराने ४५ एकर जमीन विश्वस्तांच्या नावे करून दिली. जागा निवडताना दोन गोष्टी बघितल्या जात: सावली आणि पाणी. शेकडो माणसं आणि त्याहून जास्त घोडे-खेचरं आठवडाभर राहणार, तेव्हा जिवंत झरा हवाच. नावातला ‘स्प्रिंग’ तो झरा.

ऑगस्टमध्येच का? त्या भागात तेव्हा उकाडा असतो.

असतोच. पारा तिशीच्या वर, हवेत दमटपणा, आणि डास. तरी ऑगस्टच, कारण तारखा पिकांनी ठरवल्या. मक्याची आणि कापसाची शेवटची कोळपणी, भर घालणं जुलैत उरकतं. त्यानंतर पीक आपल्या आपण वाढतं. कापूस वेचायला सप्टेंबर उजाडतो. मधल्या चार-पाच आठवड्यांत शेतकऱ्याला आणि त्याच्या खेचराला वर्षातली एकमेव मोठी सवड मिळायची. टोमॅटो, कणसं, शेंगा, कलिंगडं, पीच सगळं याच दिवसांत हाताशी. म्हणजे घरदार उचलून आठवडाभर मुक्काम करायचा तर यापेक्षा सोयीचा काळ नाही.

आज तिथल्या बहुतेकांचा शेतीशी संबंध उरलेला नाही. बँकेत, वीज कंपनीत, शाळेत नोकऱ्या करणारी माणसं ऑगस्टमधली रजा त्यासाठी राखून ठेवतात. कापूस गेला तरी तारीख हलली नाही.

त्या सभांमध्ये व्हायचं काय?

दिवसाला तीन-चार उपासना. पहाटे शिंग किंवा तुतारी वाजवून उठवायचे. सकाळी प्रार्थना, मग उपदेश, दुपारी पुन्हा उपदेश, आणि दिवे लागल्यावर मोठी सभा. रात्रीच्या उजेडासाठी उंच माच्यांवर माती पसरून त्यावर पाइनच्या राळेच्या गाठी पेटवत. राळेच्या ज्वाळा, वर हलणाऱ्या फांद्या, शेकडो माणसांचं एका सुरात गाणं आणि मोठ्याने पाप-नरकाबद्दल बोलणारा उपदेशक. महिनोन्‌महिने शेजाऱ्याचंही तोंड न दिसणाऱ्या कुटुंबांवर याचा काय परिणाम होत असेल, याचा अंदाज करता येतो.

व्यासपीठासमोर एक बाक मोकळा ठेवलेला असे. ज्याला आपल्या पापांची टोचणी लागली तो पुढे येऊन तिथे बसायचा किंवा गुडघे टेकायचा. आजूबाजूचे त्याच्यासाठी प्रार्थना करत. कोणी रडे, कोणी ओरडे, कोणी धाडकन पडे. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, असा दंडक असे. लिहिता-वाचता न येणाऱ्यांची संख्या मोठी, म्हणून गाण्यांची कडवी छोटी आणि ध्रुवपद सतत परत येणारं. ते ऐकता ऐकता पाठ व्हायचं.

आता मूर्च्छा वगैरे नाही. उपदेश अर्धा-पाऊण तासाचे, माइक आहे, मुलांसाठी वेगळे वर्ग आहेत. गाणी मात्र जुनी, आणि ती लोक पुस्तक न उघडता म्हणतात.

बाहेरच्या लोकांना हे पटायचं का?

सगळ्यांना अजिबात नाही. थेट प्रतिष्ठित पाळकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत टीका होत असे. गर्दी म्हटली की तिच्या कडेला दारू विकणारे, घोड्यांचे सौदे करणारे, मारामाऱ्या करणारे आलेच. कॅम्प मीटिंगपासून ठरावीक अंतराच्या आत दारू विकू नये असे कायदे अनेक राज्यांना करावे लागले, यावरूनच काय ते समजा. ‘तिथे जितके आत्मे तारले जातात त्याहून जास्त जन्माला येतात’ हा टोमणा त्या काळापासून चालत आला आहे.

तरुण मुलामुलींच्या भेटीगाठींचं म्हणाल तर त्या होत, आणि कोणी फार लपवतही नसे. संध्याकाळी मांडवाभोवती पोरापोरींचे घोळके फेऱ्या मारत. पडवीत बसलेल्या आज्या कोण कोणाबरोबर चाललंय हे टिपत. अशा फेऱ्यांतून जमलेली लग्नं आजही तिथले लोक हौसेने सांगतात.

मधला मांडव किती जुना आहे?

१८३२चा. तिथे त्याला आर्बर म्हणतात. आधी खांबांवर फांद्या टाकून केलेला मांडव असे, दर वर्षी नवा. मग हा कायमचा झाला. कुऱ्हाडीने तासलेले जाड खांब आणि तुळया, जोडांमध्ये लाकडी खुंट्या ठोकलेल्या, आणि वर लांबवर उतरत आलेलं छप्पर. भिंत एकही नाही. पाऊस तिरका आला तर कडेचे बाक भिजतात आणि लोक मध्ये सरकतात. खांबांवरच्या कुऱ्हाडीच्या खुणांवरून बोट फिरवलं तर त्या अजून लागतात. १९७२ मध्ये हा सगळा परिसर देशाच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेला.

लाकडी खोल्यांना ते ‘टेंट’ का म्हणतात? आणि त्या कोणाच्या असतात?

पहिल्या पिढ्या खरोखरच कापडी तंबूत किंवा मालवाहू घोडागाडीत झोपायच्या. एकाच जागी दर वर्षी यायचं ठरलं तसे लोक फळ्या ठोकत गेले, नाव राहिलं.

आता मालकीचं. माझ्या मते या जागेचं सगळं गुपित इथे आहे. जमीन विश्वस्तांच्या ताब्यात, खोली कुटुंबाची. कुटुंब दर वर्षी पट्टी भरतं, डागडुजी करतं, नियम पाळतं. खोल्यांना क्रमांक आहेत. त्या बापाकडून पोरीकडे, आत्याकडून भाच्याकडे जातात, विकल्याही जातात, पण चांगल्या जागेवरची खोली सहसा घराबाहेर जात नाही. वाटण्यांवरून भावाभावांत अबोला धरल्याच्या गोष्टीही त्यातच आल्या.

खोली बघायला गेलात तर निराशा होईल इतकी साधी. न रंगवलेल्या खरबरीत फळ्या, पुढे पडवी आणि तिच्यात बाक किंवा झोपाळा, आत एक-दोन खोल्या, मागे स्वयंपाकाची जागा, कुठे वर झोपायला माळा. पूर्वी खाली मातीच असे, तिच्यावर लाकडाचा भुसा किंवा छिलके पसरत. दोन खोल्यांमध्ये अंतर जेमतेम, त्यामुळे शेजारच्याचं घोरणं, भांडण आणि सकाळी तव्यावर टाकलेल्या डुकराच्या मांसाचा वास हे सगळं सामाईक. आतल्या भिंतींवर मुलांच्या उंचीच्या खुणा, नावं, सालं कोरलेली असतात.

अमेरिकेत १९व्या शतकात अशा सभांची हजारो मैदानं होती. बहुतेक बंद पडली. काहींची हवा खाण्याची ठिकाणं झाली: न्यू जर्सीचं ओशन ग्रोव्ह, मॅसॅच्युसेट्समधलं मार्थाज व्हिनयार्ड बेटावरचं ओक ब्लफ्स. रॉक स्प्रिंग्ज टिकलं ते चांगल्या उपदेशकांमुळे असं चर्चमधले लोक म्हणतील. उपदेशक तर दर वर्षी वेगळे येतात. माणसाला परत खेचून आणते ती आजोबांनी ठोकलेली फळी. ज्यांचं चर्चला जाणं सुटलंय, जे दुसऱ्याच पंथात गेलेत, तेही ऑगस्टमध्ये येतात. आपल्याकडे मुंबईला गिरणीत गेलेला माणूस वर्षभर गावाचं तोंड न पाहता जत्रेला मात्र हटकून यायचा, त्यातलाच प्रकार.

खायला काय असतं?

तळलेली कोंबडी, खारवलेलं डुकराचं मांस, मक्याची कणसं, घेवड्याच्या शेंगा, ताजे टोमॅटो, बिस्किटं (त्यांची बिस्किटं म्हणजे गरम, मऊ, लोण्याची), पीच घालून केलेले गोड पदार्थ, कलिंगड, घरी फिरवलेलं आइस्क्रीम. पडवीवरून जाणाऱ्याला ‘जेवलात का?’ विचारायची रीत आहे. शाकाहारी माणसाने शेंगांमध्ये मांसाचा तुकडा टाकला आहे का, हे विचारून घ्यावं. दक्षिणेत तो बहुतेक वेळा असतो.

गुलामांना या सभांत जागा होती का?

होती, वेगळी. दक्षिणेतल्या कॅम्प मीटिंगांत कृष्णवर्णीय गुलामांना बहुधा व्यासपीठाच्या मागच्या बाजूला बसवत. गोरे एका तोंडाला, ते दुसऱ्या. गाण्यांची देवाणघेवाण मात्र त्या व्यासपीठाने अडवली नाही. छोट्या कडव्यांची, सतत ध्रुवपदावर परतणारी गाणी दोन्हीकडून घडत गेली.

मेथडिस्टांची या बाबतीतली वागणूक चांगली सुरू होऊन लवकर बिघडली. जॉन वेस्ली गुलामगिरीचा कट्टर विरोधक. १७८४च्या परिषदेने सभासदांनी आपले गुलाम मुक्त करावेत असा नियम केला, आणि वर्षभराच्या आत तो गुंडाळून ठेवला. दक्षिणेतले जमीनदार दुखावणं परवडणारं नव्हतं. १८४४ मध्ये जॉर्जियाचा बिशप जेम्स अँड्र्यू याच्याकडे गुलाम असल्यावरून चर्च उभं फुटलं आणि पुढच्या वर्षी दक्षिणेचं वेगळं मेथडिस्ट चर्च झालं. रॉक स्प्रिंग्ज दक्षिणेच्या बाजूला गेलं हे उघडच.

यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या लोकांनी मागच्या बाकांवर बसणं सोडलं. याच लिंकन काउंटीत १८७०च्या दशकात टकर्स ग्रोव्ह हे त्यांचं स्वतःचं मैदान उभं राहिलं, आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल झायन चर्चचं. तसाच मांडव, तशाच खोल्यांच्या रांगा, ऑगस्टचेच दिवस. तेही १९७२ मध्येच ऐतिहासिक यादीत आलं. रॉक स्प्रिंग्ज पाहून जो टकर्स ग्रोव्ह न पाहता परत जातो त्याने अर्धाच इतिहास पाहिला, असं माझं मत आहे.

चर्च पुन्हा एक झालं का?

१९३९ मध्ये उत्तर आणि दक्षिण एकत्र आले, पण त्यासाठी मोजलेली किंमत लाजिरवाणी होती: कृष्णवर्णीय मंडळ्यांना देशभरासाठी एका वेगळ्या प्रशासकीय विभागात टाकलं. तो विभाग १९६८ मध्ये युनायटेड मेथडिस्ट चर्च स्थापन होताना मोडला. टकर्स ग्रोव्हचं झायन चर्च या सगळ्यापासून स्वतंत्र राहिलं, आजही आहे. अलीकडे, २०१९ ते २०२३ या काळात, समलिंगी विवाह आणि समलिंगी पाळकांची दीक्षा या प्रश्नावरून अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट मंडळ्यांपैकी साधारण पाव मंडळ्या बाहेर पडल्या. त्यात दक्षिणेतल्या खेड्यांमधली चर्चं मोठ्या संख्येने होती.

डेन्व्हर हे नाव कोलोरॅडोवरून आलं का?

हो. गावाचं मूळ नाव ड्राय पाँड, म्हणजे कोरडं तळं. असल्या नावाच्या गावाला रेल्वे कशाला येईल, असा विचार करून १८७३ मध्ये वाढत्या कोलोरॅडोतल्या शहराचं नाव घेतलं. रेल्वे आली नाहीच.

नव्वद वर्षांनी पाणी आलं. कटॉबा नदीवर काउन्स फोर्डचं धरण बांधून १९६३च्या सुमाराला लेक नॉर्मन भरलं, आणि कापसाच्या शेतांच्या जागी हळूहळू तळ्याकाठची महागडी घरं, बोटींचे धक्के आणि शार्लटला कामाला जाणाऱ्यांच्या वसाहती आल्या. कॅम्पग्राउंडच्या कुंपणाबाहेर आता दुकानांची रांग आहे. त्या ४५ एकरांची आजची किंमत काय होईल हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. जोसेफ मंडेने जमीन विश्वस्तांच्या नावे केली हे बरं झालं.

महाराष्ट्राशी या कॅम्प मीटिंगचा काही संबंध आहे का?

रॉक स्प्रिंग्जचा थेट नाही. पण कॅम्प मीटिंग महाराष्ट्रात पोचली होती, आणि तिची एक कथा आपल्याकडच्या फार मोठ्या बाईंशी जोडलेली आहे.

आधी विल्यम टेलर. जन्म १८२१, व्हर्जिनियाचा डोंगराळ भाग. तिथल्याच एका कॅम्प मीटिंगमध्ये त्याचं मनपरिवर्तन झालं. सोन्याच्या धावपळीत, १८४९ मध्ये, तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि जुगाराच्या अड्ड्यांबाहेर रस्त्यात उभा राहून उपदेश करत राहिला. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका करून १८७० मध्ये हिंदुस्थानात आला आणि पुढच्या वर्षी मुंबईला. मुंबई-पुण्यातल्या मेथडिस्ट मंडळ्यांची उभारणी त्याची. अमेरिकेतून पैसा मागवायचा नाही, मंडळीने आपला खर्च आपण करायचा, हा त्याचा आग्रह होता. भायखळ्याचं टेलर मेमोरियल चर्च त्याच्या नावाचं. मुंबईत आधीपासून अत्यंत साधेपणाने राहणारा अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन त्याला येऊन मिळाला. ‘बॉम्बे गार्डियन’ चालवणारा तो हाच, आणि बोवेन मेमोरियल चर्च त्याच्या नावाचं.

टेलरने लावलेली शिस्त अशी की उपासना भिंतींत कोंडायची नाही. पुढे १८९०च्या दशकात लोणावळ्याला, घाटावरच्या थंड हवेत आणि झाडीत, कॅम्प मीटिंगा भरू लागल्या. पुण्याहून आणि मुंबईहून रेल्वेने येण्यासारखी जागा. १८९६च्या सुमाराला पंडिता रमाबाई शारदा सदनातल्या ख्रिस्ती झालेल्या मुलींना घेऊन तिथे गेल्या. मुली पंधरा होत्या. एका पहाटे रमाबाई रानात एकट्या प्रार्थनेला गेल्या आणि त्यांनी या पंधरांचा वर्ग व्हावा, म्हणजे दोनशे पंचवीस मुली व्हाव्यात, असं मागितलं. संस्कृत पंडितेने देवाकडे गणितात मागणं मागावं हे मला फार आवडतं. त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि उपासमारीतल्या मुली-बायका घेऊन आल्या. त्यांची संख्या दोनशे पंचवीसच्या पुढे गेली. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं.

लोणावळ्याच्या त्या सभा आता भरत नाहीत. पण आपल्या शेजारी, तेलंगणात विकाराबादजवळ धारूरला, १९२३ पासून मेथडिस्टांचा मेळा भरतो. लोक त्याला धारूर जात्रा म्हणतात. नोव्हेंबरात, म्हणजे तिकडची खरिपाची कामं ओसरल्यावर. हजारो लोक झाडांखाली मुक्काम टाकतात, स्वयंपाक तिथेच करतात.

भारतातले मेथडिस्ट चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेले ना?

काही. ब्रिटिश परंपरेतले १९७० मध्ये त्यात गेले. टेलरच्या, म्हणजे अमेरिकन परंपरेतले बाहेर राहिले आणि १९८१ पासून मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वायत्त आहेत. मुंबई-पुण्यातली वर सांगितलेली चर्चं या दुसऱ्या प्रवाहातली.

ख्रिस्ती नसलेल्याने रॉक स्प्रिंग्जला गेलं तर चालतं का?

चालतं. मांडवातली उपासना सगळ्यांना खुली आहे, तिकीट नाही. दानाची थाळी फिरते. टाकलं तर टाकलं. दुसऱ्या रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून आठवड्यातली एखादी संध्याकाळ बरी. खोल्या ही खासगी घरं आहेत, बोलावल्याशिवाय पडवीत चढू नये आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. रस्त्यातून सावकाश चालत राहिलात तर बोलावणं येतंच. रात्रीच्या उपासनेला हातपंखा आणि डासांचं मलम बरोबर ठेवा. बाकांना पाठ आहे, गादी नाही.

याच प्रकारची आणखी ठिकाणं कुठली?

रॉक स्प्रिंग्जहून फार लांब नसलेलं कटॉबा काउंटीतलं बॉल्स क्रीक, १८५३चं, खोल्यांच्या संख्येने याच्या तोडीचं. साउथ कॅरोलायनात सेंट जॉर्जजवळचं इंडियन फील्ड वेगळं आहे: तिथे ९९ खोल्या गोलाकार मांडलेल्या आहेत, मधला मांडव १८४८चा, खाली माती आणि तिच्यावर पेंढा, आणि सभा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी संपते. रॉक स्प्रिंग्ज आणि इंडियन फील्ड एकाच सहलीत बसत नाहीत, महिने वेगळे पडतात.